काय चालू, काय बंद, काय गळतंय

वसंत आंब्रे या माणसाला मी एकवीस वर्षं शिव्या घातल्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्याने, भरल्या बसमध्ये.

लोट्याच्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये होते आणि आंब्रेभाऊ प्लँटवर ऑपरेटर. आम्ही दोघं खेडच्या बसचे. बाई म्हणून मला रात्रपाळी नव्हती, कायम सकाळची फर्स्ट शिफ्ट; पण तीन आठवड्यांतून एकदा भाऊंचीही तीच यायची आणि तो आठवडा आमच्या अख्ख्या बसला साडेसाती असायची. शिफ्ट सुटलेली, बस भरलेली, इंजिन चालू, कादरभाई ड्रायव्हर हॉर्नवर तळहात दाबून बसलेले, आणि आंब्रे नाहीत. मग कुणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडायचं, "आंब्रे, बस उभी हाय!" पाठोपाठ दुसरा, मग सगळेच. पुढे पुढे तर गेटवरचा सिक्युरिटीवालासुद्धा आत तोंड करून तीच आरोळी ठोकायचा. शेवटी काखेत डबा मारून भाऊ यायचे. धावत नाही हं! बाजारातून भाजी घेऊन परतावं तसे, सावकाश. "रिलीव्हर वायच उशिरा आला," एवढंच बोलून पुढच्या सीटवर बसायचे. मी म्हणायचे, "भाऊ, रिलीव्हर तुमचा, आणि पोटात कावळे आमच्या!" त्यावर ते हसायचे. त्यांच्या त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ठाऊक असतं की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला की त्याच्या हाती चार्ज द्यायचा आणि सुटायचं. बाकीचे ऑपरेटर चार्ज देताना "सगळं ओके" म्हणून बसकडे पळत. भाऊंना "ओके" ऐकलं की झोंबायचं. "ओके म्हंजे काय? ओके ही काय वस्तू हाय?" चार्ज द्यायची त्यांची रीत ठरलेली होती. तीन गोष्टी सांगायच्या: काय चालू, काय बंद, काय गळतंय. रिलीव्हरला घेऊन प्रत्येक पंपापाशी, प्रत्येक वॉल्व्हपाशी जायचं आणि हात लावून दाखवायचं. मग खिशातलं पेन काढून त्याच्या हातात ठेवायचं, कारण पुढच्या नोंदी त्याने करायच्या. तो "घेतला" म्हणाला की मगच पाठ फिरवायची. तो शब्द कानावर पडल्याशिवाय भाऊंचं पाऊल हलत नसे, मग बाहेर बस असो की भूकंप.

एका पावसाळ्यात जगबुडीला पूर आला, खेडचा पूल पाण्याखाली गेला आणि पुढच्या पाळीचं कुणीच पोचलं नाही. मी त्या दिवशी लोट्यातच एका मैत्रिणीकडे अडकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लँटवर डोकावले तर भाऊ रिअ‍ॅक्टरजवळ स्टुलावर बसलेले, पाय सुजून बुटांतून बाहेर काढलेले. मी म्हटलं, "अहो, बॅच बंद, टाकी थंड, कुणी विचारणार नाही. तासभर आडवे व्हा की!"

"म्याडम, टाकी बोलत नाय म्हणून तर बसायचं," ते म्हणाले. "माणसाला दुखलं तर त्ये बोंबलतं तरी."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. पुढे त्यांच्याच घरात ते खोटं ठरायचं होतं.

आम्ही वर्षाच्या अंतराने निवृत्त झालो. भाऊंचं चिऱ्याचं घर भरण्याच्या नाक्यावरून आत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते सांगायची ही जागा नव्हे. पण संध्याकाळी एकटीने चहा प्यायचा कंटाळा येतो, म्हणून मी त्यांच्या पडवीत जाऊ लागले आणि सुमनवहिनींची खरी ओळख झाली. बुटकी, चपळ बाई, आणि जीभ विळ्यासारखी. "म्याडम, लगीन माझ्याशी केलंनी आणि संसार त्या टाकीशी," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. नवरा रात्रपाळीहून आला की दिवसभर पोरांना अंगणात खेळवायचं, कोंबड्यांनासुद्धा हाकलायचं, हे त्या बाईने उभा जन्म केलं. मला वाटायचं, आम्ही तासभर बस थांबली म्हणून बोंबलत होतो; ही तर आयुष्यभर थांबलेली.

निवृत्तीनंतर भाऊंनी चार्ज घरी आणला. रोज सकाळी पहिल्या चहाला ते वहिनींना विचारत, "काय चालू, काय बंद, काय गळतंय?" आधी वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्याही उत्तरं देऊ लागल्या. "पंप चालू, म्हस बंद, न्हाणीचा नळ गळतोय. आणि तुमची अक्कल कदीच चालू नव्हती." म्हैस बंद म्हणजे आटलेली. मग वहिनी उलट विचारायच्या आणि भाऊ सांगायचे. हा खेळ मी कितीदा तरी पाहिला आहे.

पुढे भाऊंच्या किडन्या गेल्या. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, परशुराम घाट उतरून चिपळूणच्या बाजूला असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. भाऊ घाबरले नाहीत, उलट त्यांना त्या मशीनचं कौतुकच वाटलं. पडल्या पडल्या पंप कुठला, प्रेशर किती, आलार्म कशाचा, हे सगळं त्यांनी टेक्निशियनकडून काढून घेतलं. "म्याडम, साधा फिल्टर हो. आपल्या प्लँटवर होता तसलाच. फक्त आता बॅच मीच हाय." जाता-येता वाटेत लोटे लागायचं. तिथे काच खाली करून नाक बाहेर काढायचे आणि कुठल्या कंपनीत आज काय शिजतंय ते सांगायचे. वहिनी पदर नाकाला लावून म्हणायच्या, "माहेर आलं बगा ह्यांचं."

आणि याच वर्षात वहिनींच्या छातीत गाठ निघाली. निघाली म्हणजे काय, शिमग्यात हाताला लागलेली गाठ त्या बाईने गणपतीपर्यंत कुणाला सांगितली नाही. मला नाही, पोरीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. मी नंतर ताडताड बोलले, तेव्हा शांतपणे म्हणतात, "एका घरात दोन आजारी कसे ठेवायचे, म्याडम? एकाला तरी उभं ऱ्हायला नको?" रोज सकाळी चहाला त्या "काय गळत नाय, सगळं चालू" असं सांगत होत्या आणि भाऊ ते घेत होते.

भाऊंना कळलं ते दोरीवरच्या कपड्यांवरून. वाळत घालताना वहिनींचा उजवा हात वर जाईना. लुगडं डाव्या हाताने भिरकावून टाकायच्या. भाऊंनी तीन दिवस नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी चहाला नेहमीचा प्रश्न विचारला. वहिनी म्हणाल्या, सगळं चालू. भाऊंनी कप खाली ठेवला.

"खोटा चार्ज दिलास, सुमन."

वहिनी सांगत होत्या, इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला नाव घेऊन कधी हाक मारली नव्हती. आवाज मात्र चढवला नाही. "खोट्या चार्जानं माणसं मरतात गो. गळतंय त्ये गळतंय म्हणून सांगायचं. मग त्याचं काय करायचं ता दोघांनी बगायचं." वहिनी रडल्या, मग पदर बाजूला करून नवऱ्याचा हात धरला आणि गाठीवर ठेवला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी उठून परसात गेले होते, कारण मला ते बसून ऐकवेना.

ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात ठरलं. बुधवारचं होतं, ते काही कारणाने गुरुवारवर गेलं, म्हणजे नेमकं भाऊंच्या डायलिसिसच्या दिवशी. मुलगा मंगेश डोंबिवलीहून सकाळच्या गाडीने पोचणार, आईजवळ बसणार आणि भाऊ दोन मजले खाली जाऊन मशीनवर पडणार, असं ठरलं होतं. कोकण रेल्वेची गाडी! ती वेळेवर आली असती तर मी पेढे वाटले असते. भाऊ ऑपरेशन थिएटरच्या बाहेर खुर्चीत बसून राहिले. खालून दोनदा बोलावणं आलं. "रिलीव्हर आला नाय अजून," त्यांनी सांगितलं. नर्सला काय कळणार? मंगेश संध्याकाळी पोचला, तोवर मशीनवर दुसरा पेशंट चढला होता. भाऊ म्हणाले, उद्या करू, आणि मला काही होत नाही म्हणून मंगेशबरोबर चहाही प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं. ओठ निळे पडलेले, श्वास घेताना घशातून घुरघुर, अशा अवस्थेत त्यांना स्ट्रेचरवरून नेताना वाटेत वहिनींच्या वॉर्डाचं दार लागलं. छातीला पट्ट्या, बाजूला नळी आणि बाटली लटकलेली, अशी ती बाई पलंगावर ताडकन उठून बसली आणि सगळा वॉर्ड हादरेल अशी ओरडली, "आता कुणी दिला खोटा चार्ज? सांगा की!" स्ट्रेचरवरून भाऊंनी एक हात वर केला. चूक कबूल, असा त्याचा अर्थ होता.

त्यातून ते वाचले, पण पोरं घाबरली. पंधरा दिवसांनी पडवीत बैठक बसली. आईला लेकीने पिंपरीला न्यायचं, तिथे केमो करायची. बाबांना मंगेशने डोंबिवलीला न्यायचं, घराजवळच डायलिसिस सेंटर आहे. पोरं काही वाईट नव्हती. दोघांचीही घरं दोन खोल्यांची, दोन आजारी एका घरात मावणारे नव्हते. मला विचारलं तेव्हा मीसुद्धा मान डोलावली, "शहाणपणाचं आहे," असं म्हणाले. आज मला त्याची लाज वाटते.

वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. पोरांचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "ह्यांच्या पायात पाणी भरलं की चपला फरफटतात. ता मला आतल्या खोलीतनं ऐकू येतं. पिंपरीत काय ऐकू येणार रे मला?"

मंगेश खाली मान घालून म्हणाला, "आई, फोन करू ना रोज."

"फोनावर चपला वाजतात?"

मग भाऊ माझ्याकडे वळले. ते कधी कुणाकडे काही मागणारे नव्हेत, त्यामुळे त्यांना ते जड गेलं असणार. "म्याडम, मी जल्मभर रिलीव्हरची वाट बगितली. तुमची बस थांबवली, तुमच्या शिव्या खाल्ल्या. आमी दोघं एकमेकांची पाळी करतो, पण मधी कोण तरी चार्ज घ्यायला पायजे. तुमी येशाल?"

रडू येऊ लागलं की मला राग येतो. "येशाल काय येशाल!" मी खेकसले. "दहा मिनिटांवर तर राहते. आधी का नाही विचारलंत?"

त्याच संध्याकाळी मी कादरभाईंना फोन लावला. कंपनीची बस सुटून त्यांना चार वर्षं झाली होती, पण घरची ईको गाडी होती. मी पुरतं सांगण्याआधीच म्हणाले, "सोमवार नि गुरुवार माझे. गेटाबाहेर हॉर्न मारायचो त्याच्यासाठी, आता दारात येऊन मारीन." आठवड्याभरात जुन्या बसमधली सातआठ माणसं जमली. कुणी दुपारी घरी बसायचं, कुणी औषधं आणायची, कुणी म्हशीचं बघायचं. पोरं एक महिना बघू म्हणून परत गेली. तो महिना सहा महिने चालला.

वहिनींच्या केमोचे डोस तीन आठवड्यांनी एक, ते आम्ही गुरुवारीच लावून घेतले. दोघं एकाच दिवशी, एकाच हॉस्पिटलात. भाऊ खाली, वहिनी वर. पहिल्या दिवशी नर्सने विचारलं, सोबत कोण? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ती बिचारी वैतागली. "अहो, पेशंटला पेशंटची सोबत चालत नाही." मग मी पुढे होऊन दोन्ही कागदांवर सही केली. नातं काय लिहू, असं तिने विचारल्यावर भाऊ म्हणाले, "लिवा, रिलीव्हर." तिने आत्याबाई लिहिलं!

त्या सहा महिन्यांत मी जे पाहिलं ते मला कुठल्या शाळेत, कुठल्या लॅबमध्ये शिकायला मिळालं नव्हतं. भाऊंना पाणी बंद, दिवसाला मोजकं. वहिनींना उलट, तांब्यावर तांब्या पाणी प्या म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. त्या मागच्या पडवीत जाऊन, नवऱ्याला दिसू नये म्हणून पाठ फिरवून पाणी प्यायच्या. पुढच्या पडवीतून भाऊंचा आवाज यायचा, "घोट ऐकू येतायत गो मला. पी, पी. माझ्या वाटणीचं पण पी." वहिनींचे केस गेले त्या सकाळी भाऊंनी आपलं डोकंबिकं भादरून घेतलं नाही; तसली नाटकं त्यांना सुचत नसत. चहाला नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, काय चालू? वहिनी म्हणाल्या, "जीभ चालू, चव बंद, केस गळतायत." भाऊ गंभीरपणे म्हणाले, "जीभ चालू हाय ना? मग प्लँट चालू."

आणि त्या सहा महिन्यांत दोघांत खोटा चार्ज परत कधी दिला गेला नाही. ज्या सकाळी भाऊ म्हणाले, "मला आज भ्या वाटतंय," त्या सकाळी वहिनींनी भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या. भाकरी मी उलटली.

वहिनी आज बऱ्या आहेत. केस परत आलेत, ते कुरळे आलेत म्हणून त्या चिडतात. हे सगळं लिहू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिवा. पण खरं लिवा." म्हणून शेवटचंही लिहिते.

वहिनींचा शेवटचा डोस राहिला होता. कलमांवर कैऱ्या धरल्या होत्या. भाऊंचं हृदय थकलं आणि त्यांना मंगळवारी दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी पोरांना बोलावून काय ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, डोस पुढे ढकला. भाऊंनी तोंडावरचा मास्क बाजूला करून सांगितलं, "डोस चुकवायचा नाय." म्हणून गुरुवारी सकाळी वहिनी वरच्या मजल्यावर सलाईन लावून बसल्या आणि भाऊ खाली अतिदक्षता विभागात. मी जिन्यातून वरखाली करत होते. अकराच्या सुमाराला मंगेश धापा टाकत वर आला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला कळलं. वहिनींना व्हीलचेअरवर बसवलं, सलाईनचा स्टँड मंगेशने धरला आणि लिफ्टने आम्ही खाली गेलो.

भाऊंचे डोळे अर्धे मिटलेले होते. श्वास चालला होता, पण ओढून ओढून. नर्स मला हळूच म्हणाली, "सकाळपासून असेच आहेत. दाराकडे बघत असतात."

वहिनींनी खुर्ची पलंगाला लावायला सांगितली. सलाईन नसलेला हात त्यांच्या दंडावर ठेवला आणि रोज सकाळी विचारतात त्याच आवाजात विचारलं, "काय चालू, काय बंद, काय गळतंय?"

भाऊंनी डोळे उघडले. एकेक शब्द मास्कमधून येत होता. "पंप... चालू. गोठ्यातला दिवा... बंद." मग बराच वेळ नुसता श्वास. "न्हाणीचा नळ. वायसर... राह्यला."

"बरं. आणि?" वहिनी म्हणाल्या. "आणि तुमी?"

मंगेशला रडू आवरेना, तो भिंतीकडे वळला.

"मी दमलो गो," भाऊ म्हणाले.

मग त्यांचा उजवा हात उचलला गेला आणि छातीवर डाव्या बाजूला गेला. आधी मला वाटलं, तिथे दुखतंय. पण बोटं काहीतरी शोधत होती. हॉस्पिटलच्या त्या हिरव्या झब्ब्याला खिसा नसतो. बोटांनी नसलेल्या खिशातून नसलेलं पेन काढलं आणि हात वहिनींच्या दिशेने पुढे केला. एकवीस वर्षं मी त्या हाताला शिव्या घातल्या होत्या. वहिनींनी आपला तळहात त्याखाली धरला आणि मूठ घट्ट मिटली.

"घेतला," त्या म्हणाल्या. "जावा आता. बस उभी हाय."